बसच्या फ्लोअरने खाल्लेले अडीच महिने

जुन्या बसचा फ्लोअर नवा करायला घेतला, तर मॅट उचकटायच्या आधी सगळे एकच सांगत होते, कशाला उखडताय, त्याच्यावरच नवीन व्हिनाइल टाका आणि मोकळे व्हा. बाबा पण तेच म्हणाले, बॉडीवाला पण तेच, आणि खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं, कारण वरून बघायला फ्लोअर एकदम ठणठणीत होता. फक्त मागच्या डाव्या चाकाजवळ एका ठिकाणी पाय ठेवला की खारी मोडल्यासारखा आवाज यायचा. म्हटलं तेवढं एक फूटभर उघडून बघू. ते फूटभर काही संपेना.

बस म्हणजे ३२ सीटर मिडी (मध्यम आकाराची), चाकणच्या एका कंपनीची स्टाफ बस म्हणून ११ वर्षं पळालेली. वाघोलीत मित्राच्या गोडाऊनमागे पत्र्याची शेड आहे, तिथे लावलीये. (आरटीओचं विचारणाऱ्यांसाठी: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा, गाडीत सीट काढण्यासारखा बदल करायचा तर परवानगी लागते. आधी कागद, मग ग्राइंडर.)

सीट काढणं ऐकायला सोपं वाटतं. एक जण आत पाना घेऊन, एक जण बसखाली पाठीवर झोपलेला, आणि बोल्ट नुसता जागेवर फिरतोय. पहिल्या दिवशी चार सीट निघाल्या, दुसऱ्या दिवसापासून सरळ कटिंग व्हील लावलं. ठिणग्या कुठे उडतायत आणि डिझेलची टाकी कुठे आहे हे त्याआधी खाली वाकून बघायचं, हे मला शेजारच्या टायरवाल्याने ओरडून सांगितलं तेव्हा कळलं.

मॅटखालचा १२ एमएमचा प्लाय काही ठिकाणी हातानेच निघाला. तर्रीत पडलेला पाव उचलायला गेलं की कसा होतो, डिट्टो तसा. पण गंमत अशी की सगळीकडे नव्हता सडला. प्रत्येक सीटच्या बोल्टभोवती वाटीएवढं काळं वर्तुळ, आणि मधला भाग बऱ्यापैकी कोरडा. मग खाली जाऊन बघितलं तर क्रॉस मेंबरला (फ्लोअरखालच्या आडव्या लोखंडी पट्ट्यांना) खालून चिखल होता पण मूळचा काळा रंग शाबूत, आणि वरून, म्हणजे जिथे प्लाय टेकतो तिथे, गंजाचे पापुद्रे. मला आत्तापर्यंत वाटायचं की बसचा फ्लोअर रस्त्यावरच्या पाण्याने खालून सडतो. आमचा वरून सडला होता. क्लीनर रोज आतून पाईप मारून बस धुणार, ते पाणी बोल्टच्या भोकांतून खाली उतरणार, प्लाय आणि लोखंडाच्या मध्ये बसणार, आणि वर मॅट चिकटवलेली म्हणजे वाळायचा प्रश्नच नाही. त्यात मागच्या डाव्या खिडकीचं रबर कडक होऊन सुटलं होतं, तिथलं पावसाचं पाणी साइडच्या पत्र्याच्या आतून घरंगळत थेट चाकाच्या कमानीवर. खारीचा आवाज तिथलाच.

वेल्डर मामा आले. साठीचे असतील, हातात छोटा हातोडा आणि खडू. टण् वाजलं की पुढे, थप् वाजलं की खडूची रेघ. दहा मिनिटांनी म्हणाले, "साहेब, अजून खडू आहे का?" शेवटी तीन क्रॉस मेंबर आणि दोन्ही चाकांच्या कमानींच्या कडा बदलल्या. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही केबल त्यांनी स्वतः काढल्या, नाहीतर अल्टरनेटर जातो म्हणे, आणि अर्थिंगचा क्लॅम्प दर वेळी जिथे काम चालू आहे त्याच्या अगदी जवळ. सांगाड्याच्या ज्या पोकळ पाईपांची तोंडं बंद केली त्यांना खालच्या बाजूने एकेक भोक ठेवलं. मी म्हटलं मामा हे कशाला, तर म्हणाले, "पाणी जाणारच आत. येतं त्याला वाट ठेवा की." मी खालून सगळीकडे जाड रबर कोटिंग मारणार होतो, ती भोकंसुद्धा बुजवून! ते रद्द केलं.

मग गंज. ग्राइंडरला वायर कप लावून घासायचं, तीन दिवस नाकातून लाल शेंबूड. जिथे ब्रश पोचत नाही तिथे रस्ट कन्व्हर्टर, ते लावलं की गंज काळा पडतो, त्यावर इपॉक्सी प्रायमरचे दोन हात. नुसता रेड ऑक्साइड मारून झाकायचा मोह झाला होता, पण खालचा गंज तसाच ठेवला तर तो आपलं काम चालूच ठेवतो. जुलै महिना, हवेत इतका दमटपणा की प्रायमरचा एक हात सुकायला दोन दोन दिवस. चिडचिड झाली पण उघडा सांगाडा आहे तोवर एक काम करून घेतलं, टपावर अर्धा तास पाईप सोडला आणि आत टॉर्च घेऊन फिरलो. ती खिडकी तर गळत होतीच, शिवाय टपावरच्या एका छोट्या लाइटच्या वायरीवरून थेंब थेंब. फ्लोअर टाकून झाल्यावर हे कळलं असतं तर?

प्लाय आणायला भवानी पेठेत टिंबर मार्केटला. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, त्याच्या टेस्टमध्ये तुकडा ७२ तास उकळतात. शिक्का कुणीही मारू शकतो म्हणून मी दोन दुकानांतून तुकडे मागून आणले आणि बायको माहेरी गेली होती तेव्हा घरी कुकरमध्ये टाकले, शिट्टी काढून, चार तास. एकाचे थर पुस्तकासारखे उघडले. दुसरा तसाच. दुसरा घेतला. ८ बाय ४ ची १२ एमएमची एक शीट साधारण २२ किलो भरते, १८ चीच टाका असा सल्ला खूप जणांनी दिला पण अख्ख्या बसला ते वजन कायमचं ओढायचं, आणि खालचे आधार एकमेकांच्या जवळ असतील तर १२ पुरतो.

प्लायखाली २५ एमएमचं एक्सपीएस, म्हणजे उष्णता अडवणारा दाट फोम. साधा थर्माकोल नको, दाण्यांमध्ये पाणी धरतो. ग्लासवूल तर फ्लोअरमध्ये अजिबात नको, ओलं झालं की दबून बसतंच. आत माझी उंची आणि छत यात आता जेमतेम तीन बोटं उरलीयत. चाकांच्या कमानींचा आकार काढायला फ्रिजचं खोकं कापून साचा केला, दोन वेळा चुकला. प्लायच्या कडांना आणि प्रत्येक भोकाच्या आत इपॉक्सी, स्क्रूच्या डोक्याखाली पीयू सीलंट (फट बुजवणारं रबरी लुकण). पाणी कडेतूनच शिरतं.

आणि मग हवेचा पाईप. या बसचे ब्रेक हवेवर चालतात, आणि सकाळी बस शेडबाहेर काढली होती म्हणून टाकीत हवा भरलेली. शेवटून दुसरी शीट, मी फुशारकीत सेल्फ ड्रिलिंग स्क्रू मारला आणि खालून फुस्स. ब्रेकचा नायलॉन पाईप. डॅशबोर्डवरच्या हवेच्या काट्याने जी खाली मान घातली ती घातलीच, हवा गेली की ब्रेक लॉक, बस अर्धी शेडमध्ये अर्धी बाहेर, आणि वरून पाऊस. मामांनी एकच विचारलं, "खाली कोण बघणार होतं?" पाईपचा तुकडा आणि जॉइंट बदलला, तेव्हापासून प्रत्येक भोकाआधी बसखाली एका पोराला टॉर्च घेऊन बसवलं.

गिअरबॉक्सवरचं झाकण मात्र ठेवलंय. त्यावरून सलग प्लाय टाकला तर दिसायला मस्त, पण पुढे क्लचचं काम निघालं की नवा फ्लोअर कापावा लागणार. नवीन गॅस्केट लावलंय, तरी तिसऱ्या गिअरला कुरकुरतं.

कुकरला अजून डिंकाचा वास येतो. चिंच लावून घासला, सोडा घालून उकळला. बायको म्हणाली तो आता तुझ्या बसमध्येच ठेव, आणि येताना मला नवीन पाच लिटरचा घेऊन ये.