तेलाची तारीख, चहाची तारीख

३० नोव्हेंबर २०२५, रविवार, रात्री

आज महिना संपला, किराणाचा हिशोब केला, ७,८४० रुपये. ठरवले होते ८,०००. जूनपासून पहिल्यांदा आकडा आत बसलाय. खरं तर आज मस्त वाटायला हवं होतं आणि दुपारपर्यंत वाटतही होतं, पण गुरुवारची गोष्ट मनातून जात नाहीये म्हणून सगळंच सविस्तर लिहून काढतो.

एप्रिलपासून माझा ओव्हरटाइम बंद झाला. महिन्याला सात-साडेसात हजार कमी यायला लागले, घराचा हप्ता तेवढाच, मुलांच्या फिया तेवढ्याच. मग एका रात्री मी आणि ही बसलो आणि ठरवलं की किराणा आठ हजारात बसवायचा, साबण-पेस्टसकट, भाजी-फळं वेगळी, दूध वेगळं. घरात आम्ही पाच जण. आई, आम्ही दोघं, मुलगी सातवीत, मुलगा चौथीत. पुण्यात धनकवडीत राहतो म्हणजे मार्केट यार्ड जवळच, डाळी-तांदूळ-गहू भुसार बाजारातून आणले की किलोमागे थोडे पैसे सुटतात, ते आम्ही आधीपासूनच करत होतो. सामान भरायचं काम मी माझ्याकडे घेतलं कारण हिची शाळेच्या ऑफिसातली नोकरी आणि स्वयंपाक दोन्ही चालू, त्यात अजून हे नको.

जून गेला ९,६०० वर. जुलै १०,२००. मला कळेचना, कारण महिन्याची यादी तर मी व्यवस्थित कापून ७,१०० वर आणली होती! मग जुलैची सगळी बिलं आणि मोबाइलवरच्या ऑर्डरी काढून बसलो तर वरचे ३,१०० चौदा वेळा थोडे थोडे करून गेलेले, आणि त्यातल्या अकरा वेळा सुरुवात एकाच गोष्टीने झालेली, काहीतरी संपलं. चहा पावडर संपली, दाणे संपले, साखर संपली. आणि बहुतेक सगळं २० तारखेनंतर. चहा पावडर हवी म्हणून ॲप उघडायचं, १९९ च्या वर गेलं की डिलिव्हरी फ्री, मग त्यात एक वेफर्सचं पाकीट, एक बिस्किटाचा पुडा, मुलं शेजारी उभी असली की अजून एक. सव्वाशेची चहा पावडर अडीचशेला पडते. वाण्याकडे गेलो तरी तेच, रिकाम्या हाताने कोण परत येतो. २०२३-२४ च्या सरकारी खर्च पाहणीत शहरातल्या घरांचा खाण्यापिण्यावरचा वाटा सरासरी ३९.६८ टक्के आला होता आणि त्यात सगळ्यात मोठा हिस्सा धान्याचा किंवा दुधाचा नाही, तर पेयं आणि तयार, प्रक्रिया केलेल्या खाण्याचा. माझ्या चौदा बिलांत नेमकं तेच दिसत होतं.

म्हणजे यादी कापून मी चूकच करत होतो. अर्धा किलो चहा लिहायचो कारण नेहमी तेवढाच लिहितात, तो किती दिवस पुरतो हे मी कधी मोजलंच नव्हतं.

मग एक दिवस गॅस लावताना लक्षात आलं की सिलेंडर लावला की आपण कॅलेंडरवर तारीख लिहितो, आमच्या आईने तर आयुष्यभर लिहिलीये, दुधाचा खाडाही तिथेच, कालनिर्णयच्या त्याच चौकोनात. मग तेलाची का नाही लिहायची? दाण्यांची, साखरेची? १ ऑगस्टपासून सुरू केलं. आधी मार्करने डब्यावरच लिहिणार होतो पण आई म्हणाली, "माझ्या डब्यांवर काही गिरगटायचं नाही हं, लग्नातले डबे आहेत ते," म्हणून कॅलेंडर. पाकीट फोडलं की त्या दिवसाच्या चौकोनात छोटंसं 'तेल', 'दाणे', 'साखर', 'चहा'. ज्याने फोडलं त्याने लिहायचं. मुलांना ते आवडलं, मुलगा तर मिठाचा पुडा फोडला तरी धावत जाऊन लिहायचा.

दोन महिन्यांत जे कळलं ते मला आजपर्यंत कधी कळलं नव्हतं. दाणे दोन किलो आणले होते ते श्रावणात सतरा दिवसांत संपले. सोमवार, चतुर्थी, एकादशी, खिचडी म्हणजे कूट आलंच, शिवाय भगरीबरोबर दाण्याची आमटी. उपवासाच्या महिन्यात खर्च वाढतो हे ऐकून माहीत असतं पण सतरा हा आकडा डोळ्यासमोर असला की पुढच्या श्रावणाची यादी आपोआप वेगळी होते. साखर चार किलो लागते वाटायचं, तीनच लागते, दर महिन्याला एक किलो उगाच शिल्लक पडून मुंग्या लागायच्या. पोहे आणि रवा दोन्ही जास्त येत होते. तूरडाळ मात्र बरोब्बर, तीन किलोला तीस दिवस.

तेलाचं तर फार बोलण्यासारखं आहे. पाच लिटरचा कॅन ऑगस्टात सत्तावीस दिवस गेला. एक लिटर म्हणजे ९१० ग्रॅम, तर हिशोब केला, माणशी रोजचं जवळजवळ ३४ ग्रॅम, आणि तूप वेगळंच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा थाळीचा तक्ता आहे, त्यात दिवसाला दोन हजार कॅलरीच्या जेवणासाठी तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलंय. मग कॅन बंद केला आणि लिटरची पाऊचं आणून छोट्या किटलीत ओतायला लागलो. कॅन हातात धरून कढईत ओतलं की धार मोठीच पडते, किटलीने पडत नाही, एवढाच फरक. पाच पाऊचं चौतीस दिवस गेली, माणशी २७ वर आलो. कुणाला चवीत काही कमी वाटलं नाही, मी मुद्दाम विचारलं होतं.

आणि पाऊच घेताना एक बघायला शिकलो ते इथे लिहून ठेवतो म्हणजे हिलाही दाखवता येईल. सगळी पाऊचं सारखीच दिसतात पण एकावर ९१० ग्रॅम असतं आणि दुसऱ्यावर ८५०. १४९ वालं स्वस्त म्हणून उचलायला गेलो, ते ८५० चं, ग्रॅमला साडेसतरा पैसे. १५८ वालं ९१० चं, ग्रॅमला १७.३६. म्हणजे स्वस्त दिसणारंच महाग. हल्ली पाकिटावर एमआरपीच्या जवळच ग्रॅममागे किंवा किलोमागे किती पडतं तेही बारीक अक्षरात छापलेलं असतं, ते वाचायचं. तेलाच्या भावाचं आपल्या हातात काहीच नाही, निम्म्याहून जास्त तेल देशाबाहेरून येतं, २०२४ च्या सप्टेंबरात कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के झालं आणि २०२५ च्या मेअखेर १० वर आणलं, आपण फक्त बघायचं. पण धार आपल्या हातात आहे.

२२ सप्टेंबरला जीएसटी कमी झाला तेव्हा ऑफिसात सगळे खूष होते, मीही होतो. साबण, पेस्ट, शाम्पू, केसांचं तेल, बिस्किटं १८ वरून ५ टक्के, तूप १२ वरून ५. मी आमच्या यादीवर लावून बघितलं तर दीडशे-पावणेदोनशे रुपये वाचले, कारण सुट्या डाळी-तांदळाला आधीच काही नव्हता आणि साखर-चहा-तेल होते तिथेच पाचवर आहेत. दीडशे तर दीडशे, पण यंदा एकट्या सुक्या खोबऱ्याने ते परत घेतले. पाव किलोला ९५ दिले मी. वाटणात आता खोबरं अर्धं आणि तीळ थोडे जास्त, हिची आयडिया, आमटीला छान लागतं. ऑक्टोबर मी धरतच नाही, दिवाळीच्या फराळाला काढलेले वेगळे पैसे पुरले नाहीत आणि त्याचं मला वाईटही वाटलं नाही, चकली मुलांनी पोटभर खाल्ली.

तर नोव्हेंबर. यादी ७,४०० ची, म्हणजे जुलैपेक्षा तीनशेने जास्त, आणि वरची खरेदी फक्त तीन वेळा. चंपाषष्ठीला भरताची वांगी आणि बाजरीचं पीठ आणलं, ते धरूनसुद्धा. चहा फक्त वाढवायचा राहिला, अर्धा किलोच आणला होता. ऑगस्ट-सप्टेंबरात अर्धा किलो एकवीस दिवस गेला होता. या वेळी १ तारखेला फोडला आणि २० गेली, २२ गेली, २५ गेली, चहा आहेच. मी खूष. हिला म्हटलं पण, बघ, चहासुद्धा आटोक्यात आला.

गुरुवारी मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, हिच्या पूजेची फळं-फुलं आणायची म्हणून मी हाफ डे घेऊन लवकर आलो. चार वाजता चहा ठेवला तर आई म्हणाली, "तुझ्यापुरताच टाक, मला दुपारचा नको वाटतो आताशा." माझी आई! जिला चारच्या चहाशिवाय दुपार कधी संपलेली मी बघितली नाही. बाबा गेले त्या आठवड्यातसुद्धा चारला ती गॅसपाशी उभी होती. मी म्हटलं ॲसिडिटी वगैरे असेल. रात्री ही म्हणाली, "अरे, दिवाळीनंतर बंद केलाय त्यांनी. सकाळचा दुसरा पण घेत नाहीत. कॅलेंडरवर तू चहा लिहितोस ना, ते बघत असतात रोज. मला सांगू नको म्हणाल्या होत्या."

पावडर त्याच दिवशी संपली होती, सत्तावीस दिवस. मी अंथरुणावर पडल्या पडल्या हिशोब केला, दिवसाला पाच-साडेपाच ग्रॅम वाचले, दोन कप, महिन्याला साधारण ऐंशी रुपये. ऐंशी रुपयांसाठी माझी आई महिनाभर दुपारी नुसती बसून राहिली आणि मला ते दिसलं नाही, मला कॅलेंडरवरचा आकडा दिसला आणि मी खूष झालो. मला अजूनही ते आठवलं की घशात काहीतरी अडकतं. तिने आमच्या लहानपणी असंच केलं असणार, कितीतरी वेळा, तेव्हा तर कुणी तारीखही लिहीत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी तिच्याशी बोललो. रागावलो नाही, रागावायचं काय. म्हटलं, आई, पगार कमी झालाय पण एवढा नाही झाला. ती म्हणाली, "अरे मलाच नको वाटतो," आणि मग थोड्या वेळाने, "तुझी ओढाताण दिसते रे मला." मी तिच्यासमोर पेन घेऊन नोव्हेंबरच्या पानावरचा 'चहा' खोडला. तेल, दाणे, साखर लिहीन, चहा नाही लिहिणार. आणि सरळ वाण्याकडून पाऊण किलो आणला.

ती पिशवी बघून म्हणाली, "एवढा एकदम कशाला फोडतोस, वास उडतो. अर्धा किलो डब्यात भर, पाव तसाच बंद ठेव."

तसाच ठेवलाय. आज चारला तिने स्वतः आधण ठेवलं, आलं किसून, आणि मुलीला हाक मारून गवती चहाची दोन पानं कुंडीतून आणायला लावली. डिसेंबरची यादी केलीये, ७,५५० होतेय. तीळ आणि चिक्कीचा गूळ याच महिन्यात भरून ठेवतो, संक्रांत जवळ आली की भाव चढतात. मार्गशीर्षातले तीन गुरुवार राहिलेत, फळांचे वेगळे काढून ठेवायला हवेत. उद्या हिला विचारायचं.