बाईंचा आज्ञार्थ

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'लेख पाठवावा' असं पत्र आलं आणि पहिल्या आठवल्या त्या फ्रेंचच्या बाई. गॅदरिंग, मैदान, सहली यांवर बाकीचे लिहितीलच.

पाठ्यपुस्तक इंग्रजीतून, त्यात आज्ञार्थाच्या एका रूपासाठी 'लेट अस' असायचं. बाईंनी ते बाजूला ठेवलं. तू बस, तुम्ही बसा, आपण बसू या. फ्रेंच आज्ञार्थाची रूपंही एवढीच: त्यु, व्हू, नू. आज्ञार्थातला हा नू म्हणजे 'आम्ही' नव्हे, 'आपण'. वर्तमानकाळाचं रूप घ्यायचं, कर्ता गाळायचा: पार्ल, पार्ले, पार्लों (बोल, बोला, बोलू या).

गोची त्यापुढे. ई-आरने संपणाऱ्या नियमित क्रियापदांचा त्यु-रूपातला शेवटचा एस लिहायचा नाही. 'आले' म्हणजे जाणे, त्याचं 'व्हा' होतं तेही एसविना, आणि 'उव्रीर' (उघडणे), 'ऑफ्रीर' (देऊ करणे) सुद्धा तसेच, कारण वर्तमानकाळात ते त्याच वर्गासारखे चालतात. 'फिनी' (संपव), 'प्राँ' (घे) यांचा एस मात्र राहतो. तो ऐकू येतच नाही, म्हणून तोंडीला पैकीच्या पैकी आणि लेखीला लाल शाई! पण मागोमाग 'ई' किंवा 'आँ' हे सर्वनाम आलं, की दोन स्वर एकमेकांवर आदळू नयेत म्हणून गाळलेला एस परत येतो आणि झ-सारखा वाजतो: व्हाझी (तिकडे जा), माँज-झाँ (त्यातलं खा). बाई त्याला माहेरी आलेला एस म्हणत.

खरी परीक्षा सर्वनामांची. होकारात ती क्रियापदामागून, जोडरेघेने, आणि 'म'चं 'म्वा', 'त'चं 'त्वा' होतं: लेव्ह-त्वा (ऊठ), दॉन-ल-म्वा (ते मला दे). नकारात सगळी पुढे पळतात, मूळ रूपात आणि क्रमही पालटून: न म ल दॉन पा. आम्ही हमखास 'न दॉन पा म्वा' लिहायचो. बाईंचा उपाय असा की आधी साधं नकारार्थी वाक्य कर्त्यासकट लिहायचं आणि मग फक्त कर्ता खोडायचा. नकारात याने सर्वनामांची जागा कधी चुकत नाही; ई-आरवाल्यांचा शेवटचा एस मात्र आठवणीने खोडायचा.

एत्र, आव्वार, साव्वार, व्हुल्वार ही चार अनियमित पाठच करायची.

एकदा मागच्या बाकावरून कुणी बाईंना म्हणालं, "उव्र ला पोर्त." व्याकरण चोख. बाई कडीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मला अरेतुरे?" 'उव्रे, सिल व्हू प्ले' आल्यावरच दार उघडलं.

हल्ली रिकाम्या जागा भरा आणि जोड्या लावा एवढंच असतं म्हणे. रिकाम्या जागेत रूप बसतं, सर्वनाम कुठे पळतं ते कळत नाही.

मी आता यंत्रांच्या फ्रेंच सूचनापुस्तिका भाषांतरित करतो. फलकावर 'न पा फ्यूमे' (धूम्रपान करू नये) असतं, तिथे आज्ञार्थ नसून मूळ धातुरूप असतं, कारण सूचना कुणा एकाला उद्देशून नसते. म्हणून तिथे नकाराचे दोन्ही तुकडे क्रियापदाच्या आधी एकत्र येतात. अभ्यासक्रमाबाहेरचं हे बाईंनी तास संपता संपता सांगितलं होतं. औपचारिक पत्रात 'व्हुल्वार'चं 'व्हये' आणि पुढे धातुरूप. तुमच्या पत्रातलं 'लेख पाठवावा' म्हणजे नेमकं तेच.