अळीच्या रक्तातलं ४६४

भंडाऱ्याकडून टसर रेशमाच्या अळ्या आल्या की आमच्या लॅबमध्ये बर्फासाठी पळापळ सुरू होते. शेवटच्या अवस्थेतली अळी हिरवीगार, चांगली बोटाएवढी जाड. पोटाखालच्या पायाला सुई टोचली की थेंब येतो, आणि तसाच राहू दिला तर बघता बघता काळा पडतो. म्हणून ट्यूबमध्ये काळं पडणं थांबवणाऱ्या फिनाइलथायोयुरियाचा कण आधीच टाकून ठेवायचा. वरून गार मिथेनॉल, मग सेंट्रीफ्यूजमध्ये गरागरा फिरवायचं. प्रथिनं तळाला बसतात, आपल्याला हवं ते संप्रेरक वरच्या द्रवात.

ते म्हणजे एक्डायसोन, आणि त्याचं खरं कामाचं रूप २०-हायड्रॉक्सीएक्डायसोन. अळीनं कात कधी टाकायची ते यांच्या चढउतारावर ठरतं. १९५४ मध्ये बुटेनांट आणि कार्लसन या जर्मन शास्त्रज्ञांनी रेशीमकिड्याच्या ५०० किलो प्युपांतून (कोषातल्या किड्यांतून) एक्डायसोन काढलं, ते भरलं २५ मिलिग्रॅम. पाच क्विंटल, बाप्पा! नागपूरच्या कळमना बाजारात उतरवायला हमाल लागतील. आमचं काम काही मायक्रोलीटरमध्ये भागतं.

मास स्पेक्ट्रोमीटर (एमएस), म्हणजे रेणूंचं वजन मोजणारी एवढी संवेदनशील मशीन हाताशी असली की पोरं स्क्रीनवर ४६५ दिसताच "मॅडम, एक्डायसोन!" म्हणून ओरडतात. मी म्हणते, थांबा. एक्डायसोनचं वजन ४६४, एक प्रोटॉन चिकटला की ४६५, इथवर ठीक. पण पोनास्टेरोन-ए चं रेणुसूत्रही तेच. एक्डायसोनचा एक हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) २५व्या कार्बनवर, पोनास्टेरोनचा २०व्या, फरक एवढाच. दशांशाच्या कितव्याही स्थळापर्यंत मोजा, नुसत्या वजनावरून कोट्यवधीची मशीनही दोघांना वेगळं सांगू शकत नाही. त्यात दोघंही तापल्यावर पाणी सोडतात: ४६५, ४४७, ४२९.

निवाडा होतो तो कॉलमवर, म्हणजे मशीनच्या आधी रेणू वेगवेगळे करणाऱ्या नळीत. सी-१८ नावाच्या कॉलममधून पाणी आणि अ‍ॅसिटोनायट्राइल, चिमूटभर फॉर्मिक अ‍ॅसिड घालून, अ‍ॅसिटोनायट्राइलचं प्रमाण हळूहळू चढवत नेलं की आधी २०-हायड्रॉक्सी उतरतं, मागून एक्डायसोन, शेवटी पोनास्टेरोन. आम्ही पोनास्टेरोन ठरावीक मात्रेत सुरुवातीलाच नमुन्यात मिसळतो, म्हणजे वाटेत किती माल गळला ते कळतं. एमएसचं कौतुक सगळे करतात. माझ्या मते अर्धं श्रेय त्या मुक्या नळीचं आहे. पावसाळ्यात लाइट गेली आणि व्हॅक्यूम बसलं की मात्र दोघींपैकी कोणी कामाची नाही.

२०-हायड्रॉक्सीचं शिखर (सिग्नलचा उंचवटा) ४८१ वर शोधताना ५०३ कडेही नजर ठेवा. काचेच्या भांड्यातलं सोडियम चिकटतं आणि सिग्नल तिकडे पळतो.

आणि कपाशीवरचे लाल ढेकूण घेऊन कोणी आलं, तर ४६५ आणि ४८१ हे दोन्ही आकडे बाजूला ठेवा. हे संप्रेरक ज्यापासून बनतं ते स्टेरॉल कीटकांना स्वतः बनवता येत नाही, ते झाडातूनच घ्यावं लागतं. झाडाच्या स्टेरॉलला जादा कार्बनची फांदी असते. टसरची अळी ती छाटून टाकते, त्या ढेकणांच्या कुळाला ते जमत नाही. त्यांचं संप्रेरक २८ कार्बनचं, मॅकिस्टेरोन-ए. मशीनला ४९५ बघायला सांगा.