तुम्ही विचारलंत म्हणून: रिंगवाली गन घ्यावी की पिनवाली?

"इम्पॅक्ट रेंच घ्यायची ठरलीय. मॉडेल एकच, ताकद तीच. पण एक रिंगवाली मिळतेय आणि एक पिनवाली. कोणती घेऊ?" नव्याने गन, म्हणजे ठोके देऊन नट-बोल्ट सोडवणारं-आवळणारं हे यंत्र, घेणारे बहुतेक जण हा प्रश्न मला विचारतात, आणि दरवेळी मी आधी एकच उलट प्रश्न विचारते. काम करताना सॉकेट, म्हणजे गनच्या टोकावर चढवायची नटाच्या मापाची वाटी, गनवरून सुटलं, तर ते कुठे पडेल?

समोरच्याला वाटतं मी विषय बदलला. पण निवड खरोखर इथूनच सुरू होते. बरेच जण धरून चालतात की पिन लोखंडी आणि ठोस दिसते, म्हणजे पिनवाली गन जास्त दमदार. तसं नाही. गनच्या आत हातोडा फिरतो आणि पुढच्या चौकोनी टोकाला मिनिटाला 2000 ते 3000 ठोके देतो. ते ठोके सॉकेटपर्यंत पोहोचतात ते त्या टोकाच्या चार सपाट बाजूंमधून. रिंग असो वा पिन, नट सोडवण्याच्या जोरात तिचा काही वाटा नसतो. सॉकेट पुढे सरकून गळून पडू नये, एवढंच तिचं काम. काम छोटं आहे, पण ते फसलं की दुखापत होते.

आधी रिंगबद्दल. टोकाच्या पुढच्या कडेजवळ एक खाच असते, तिच्यात तोंड उघडं असलेली स्टीलची बारीक कडी बसते आणि तिच्याखाली रबराची ओ-रिंग. रबर कडीला आतून बाहेर रेटत राहतं. सॉकेट दाबलं की कडी आक्रसते, सॉकेट आत सरकतं आणि कडी त्याला आतून घट्ट धरते. काढायचं तर एक झटका पुरतो. हातमोजे घातलेले असोत, बोटांना ग्रीस लागलेलं असो, काही अडत नाही. एकाच गाडीवर 13, 17, 19, 21 मिलिमीटर असे नट एकामागून एक येतात तेव्हा या सोयीची खरी किंमत कळते. मी दिवसभर गाडीखाली असते तेव्हा चाळीस-पन्नास वेळा सॉकेट बदलते, आणि तेवढ्या वेळा पिन दाबत बसायची माझी तयारी नाही.

रिंगचा दोष असा की ती झिजते, आणि झिजताना काही बोलत नाही. कडीची बाहेरची कड घासून गुळगुळीत होते, खालचं रबर वाळतं किंवा तेलाने फुगून मऊ पडतं. मग एके दिवशी सॉकेट नटवर अडकून राहतं आणि गन तेवढी हातात येते. किंवा त्याहून वाईट होतं. मी उताणी पडून डोक्यावरचा बोल्ट सोडवत होते. गन खाली घेतली आणि सॉकेट थेट गालाच्या हाडावर आलं. डोळ्यांवर गॉगल होता, म्हणून डोळा वाचला. कडी महिनाभर ढिली लागत होती, हे मला माहीत होतं. सॉकेट नुसत्या बोटाने ढकलून निघतंय, हेही जाणवत होतं. तरी मी काम चालू ठेवलं होतं.

त्यात वाईट याचं वाटतं की रिंग बदलणं हे दहा मिनिटांचं काम आहे. जुनी कडी बारीक स्क्रू-ड्रायव्हरने उचकटायची, वाळलेलं रबर काढून खाच पुसायची, नवं रबर बसवायचं आणि त्यावर नवी कडी चढवायची. कडी चढवताना ती जेमतेम टोकावरून सरकेल एवढीच फाकवा, जास्त फाकवली तर तिचा ताणच जातो. उचकटताना ती उडते, तेव्हा गॉगल लावाच. मात्र सुटी कडी आणि रबर आपल्या मॉडेलसाठी मिळतात का, ते गन घेतानाच विचारून ठेवा.

पिनचा स्वभाव वेगळा. चौकोनाच्या एका बाजूतून स्प्रिंगवर बसलेली छोटी पिन डोकं काढून असते. सॉकेट चढवताना ती दबते आणि सॉकेटच्या भोकाशी आली की टक्कन बाहेर येऊन अडकते. आता झटका मारा, आपटा, उलटं धरा, सॉकेट निघत नाही. काढायचं तर त्या भोकातून काहीतरी टोकदार घालून पिन दाबून धरायची आणि दुसऱ्या हाताने सॉकेट ओढायचं. म्हणजे दोन्ही हात हवेत आणि खिशात एक बारीक पंच हवा. थंडीत बोटं बधिर झालेली असताना किंवा भोकात चिखल बसलेला असताना हे काम फार चिडचिड करवतं.

पिनवाली घेणाऱ्यांना दोन गोष्टी कुणीतरी आधीच सांगायला हव्यात. एक, पिन फक्त एका बाजूला असते. सॉकेट चारपैकी कुठल्याही बाजूने चढतं, पण भोक पिनसमोर आलं नाही तर ते अडकतच नाही, नुसतं घर्षणावर टिकून राहतं. बघणाऱ्याला वाटतं कुलूप लागलं. म्हणून टक्क असा आवाज ऐका आणि सॉकेट एकदा ओढून बघा. दुसरी, हाताच्या पान्याची चकचकीत सॉकेटं या गनवर कधीच चढवू नका. त्यांना बहुधा आरपार भोक नसतं, आतल्या बाजूला फक्त खळगा असतो. पिन त्या खळग्यात बसली की बाहेरून दाबायला वाटच राहत नाही. मी घाईत एकदा असं सॉकेट चढवलं होतं. शेवटी फीलर गेजची (फटी मोजायच्या साधनाची) पातळ पट्टी फटीतून सरकवून पिन दाबली, त्यात अर्धा तास गेला. आणि ते निघालं नसतं तरी तो छोटा धोका होता. हाताची सॉकेटं कडक क्रोम व्हॅनेडियमची असतात आणि ठोक्यांनी ती तडकून त्यांचे तुकडे उडू शकतात. इम्पॅक्टची काळी सॉकेटं बहुधा क्रोम मॉलिब्डेनमची, जाड भिंतीची असतात. ती ठोका सोसतात. रिंग असो वा पिन, गनवर फक्त तीच चढवायची.

पिन झिजली किंवा स्प्रिंग बसली तर दुरुस्ती रिंगइतकी सोपी नसते. बऱ्याच गनांमध्ये पुढचं तोंड उघडून अख्खं टोकच बदलावं लागतं. तरीही पिन कुणी घ्यावी, हे मी ठामपणे सांगते. उंचावर काम करणाऱ्यांनी. मनोऱ्यावर, मचाणावर, शिडीवर. 10 मीटरवरून सुटलेलं सॉकेट जमिनीवर पोहोचतं तेव्हा त्याचा वेग ताशी 50 किलोमीटर असतो. खाली माणूस असेल तर पुढचं सांगायला नको. तसंच जिथे पडलेलं सॉकेट परत मिळणार नाही किंवा भलत्या ठिकाणी अडकेल, तिथेही पिनच. पाण्यावरचं काम असेल, उघडा गिअरबॉक्स असेल, चालू यंत्राच्या शेजारची जागा असेल. अशा ठिकाणी सॉकेट बदलायला लागणारा जास्तीचा वेळ मी आनंदाने देते. दिवसभर एकाच मापाचे बोल्ट आवळायचे असतील, तर तो वेळही जात नाही.

तिसरी पद्धत मोठ्या गनांवर दिसते, आणि तिथे निवडीला फारसा वाव नसतो. टोकातून आरपार भोक, सॉकेटमधूनही आरपार भोक, दोन्हींतून एक सुटी पिन घालायची आणि ती निसटू नये म्हणून सॉकेटच्या बाहेरच्या खाचेत जाड रबरी रिंग चढवायची. पाऊण इंची आणि एक इंची गनांना (हे माप चौकोनी टोकाच्या बाजूचं) हेच शोभतं. चौकोनाची बाजू दुप्पट झाली की पीळ सोसण्याची त्याची ताकद आठपट होते, म्हणून अर्ध्या इंचाच्या आणि एक इंचाच्या गनची कामंच निराळी असतात. एक इंची गनचं मोठं सॉकेट किलोभराचं असू शकतं. बारीक कडीच्या भरवशावर ते लटकवून ठेवणं मला पटत नाही. इथे एक कळकळीची विनंती. पिन हरवली म्हणून तिच्या जागी खिळा, तार किंवा तुटक्या ड्रिलचा तुकडा घालू नका. रबर चिरलेलं दिसलं तर त्याच दिवशी बदला. फिरत्या सॉकेटमधून सुटलेली पिन कुठल्या दिशेने जाईल ते कुणालाच सांगता येत नाही.

अर्ध्या इंचाच्या काही गनांना रिंगही असते आणि आरपार भोकही. अशी मिळत असेल तर मी तीच सुचवते. एरवी रिंगवर भराभर काम करायचं आणि उंचावर जायची वेळ आली की पिन आणि रबर चढवायचं. तशी मिळत नसेल आणि तुमचं काम बहुतेक जमिनीवर, गाड्यांवर, तऱ्हेतऱ्हेच्या मापांचं असेल, तर रिंगवाली घ्या. सोबत दोन-तीन कड्या आणि रबरं घेऊन ठेवा.

एक्स्टेंशनचं, म्हणजे गन आणि सॉकेट यांच्यामध्ये लावायच्या जोडदांड्याचं, मात्र बहुतेक जण विसरतात. गनला पिन आहे म्हणून निश्चिंत होतात, आणि मध्ये लावलेल्या एक्स्टेंशनच्या पुढच्या टोकावर नुसती स्प्रिंगवरची छोटी गोळी असते. सॉकेट तिथूनच सुटतं. उंचावर जाताना गनपासून सॉकेटपर्यंतचा प्रत्येक सांधा तपासा, आणि एक्स्टेंशनही पिनचंच निवडा. शक्य असेल तर ते वापरूच नका, कारण प्रत्येक सांध्याच्या ढिलाईत ठोक्याचा जोर थोडा मुरतो.

वापरलेली गन घेणार असाल तर रिंग की पिन हे नंतर बघा. आधी चौकोनाचे चारही कोपरे बोटाने चाचपा. ते गोलावले असतील तर नवी कडी घालूनही सॉकेट डुगडुगणार आणि त्याचं आतलं भोकही खराब करणार. अशी गन घ्यायचीच असेल, तर नव्या टोकाचा खर्च धरूनच भाव ठरवा.