क्वेकच्या सीडीतलं संगीत उतरवताना

गिरगावातली खोली रिकामी करताना माळ्यावरच्या ट्रंकेत दादाची 'क्वेक'ची सीडी सापडली. १९९६ चा गेम. पहिल्या ट्रॅकमध्ये गेमचा डेटा आणि २ ते ११ या ट्रॅकांमध्ये चक्क ऑडिओ सीडीसारखं संगीत, नाइन इंच नेल्स या बँडचं. दादा रात्री खेळायचा आणि मी कॉटवर पडून ऐकायचे. ठेक्याची गाणी नव्हेतच ती, नुसते घुमणारे, कुजबुजणारे, लांबून येणारे आवाज. ते मला जसेच्या तसे हवे होते.

आधी सोपी वाट धरली. जुन्या प्लेअरच्या हेडफोनच्या भोकातून लॅपटॉपला वायर जोडली आणि रेकॉर्ड केलं. सगळ्याखाली विजेची बारीक घरघर आली. दणदणीत गाण्यात ती बुडाली असती, इथे मूळ आवाजच इतका हळू की घरघरच वर यायची.

मग दादाने कुठूनतरी मिळवलेली एमपीथ्री पाठवली. आवाजाचं चित्र काढून दाखवणाऱ्या स्पेक या प्रोग्रॅममध्ये उघडली, तर प्रत्येक ट्रॅक १६ किलोहर्ट्झला सुरीने कापल्यासारखा, वर नुसता काळोख, म्हणजे त्यापुढचे उंच आवाज गायबच. तिची फ्लॅक (काहीच न गाळता आवाज साठवणारा फाइलचा प्रकार) करून फाइल तेवढी फुगली असती, गेलेलं परत आलं नसतं.

शेवटी लॅमिंग्टन रोडवरून यूएसबीला जोडायचा सीडी ड्राइव्ह आणला आणि एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे सीडीतला ऑडिओ उतरवणारं सॉफ्टवेअर सिक्युअर मोडवर लावलं. डेटा सीडीत चुका दुरुस्त करायचा एक जादा थर असतो, तो ऑडिओला नाही. ओरखडा आला की ड्राइव्ह आजूबाजूचं बघून अंदाजाने जागा भरतो आणि पुढे जातो, कुणाला पत्ताही लागू देत नाही. सिक्युअर मोड तोच भाग पुन्हा वाचून ताडून बघतो.

सातवा ट्रॅक अडला. दोनदा उतरवला, दोन्ही वेळा सीआरसी (उतरवलेल्या डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) वेगळा. कान देऊन ऐकलं तर मध्येच एक 'टक्'. सीडी दिव्यासमोर तिरकी धरली तेव्हा बोटाच्या ठशाएवढा धुरकट डाग दिसला. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब आणि आईच्या जुन्या मलमलच्या साडीचा तुकडा घेतला. मधून कडेकडे सरळ पुसलं. गोल पुसू नका, तसा ओरखडा पडला तर तो ट्रॅकच्या वाटेनेच लांबवर जातो. ड्राइव्हचा वेग कमी केला आणि पुन्हा दोनदा वाचायला लावलं. या वेळी सीआरसी जुळले.

वेव्ह, म्हणजे दाबून लहान न केलेली फाइल, मिनिटाला साधारण १० एमबी खाते, म्हणून फ्लॅक केली. त्यात काहीच गळत नाही. आवाज चढवला मात्र नाही. हळू आहे ते हळूच राहायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

दादाला बदलापूरला फाइली पाठवल्या. ऑक्टोबरची दुपार होती. तासाभराने मी फोन केला, तर म्हणाला, "अगं, नंतर कर. पंखा बंद करून ऐकतोय."