तुम्ही विचारलंत म्हणून: नैसर्गिकच आहे ना, मग इतका वेळ का?

कोळंबीच्या कवचातल्या आणि समुद्रशैवालातल्या बहुशर्करांपासून, म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्यांपासून, मी जखमेवरची पट्टी बनवते, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे नैसर्गिकच ना? मग इतकी वर्षं कसली लागतात?"

आधी जखमेचं सांगते. जखम उघडी ठेवा, कोरडी होऊ द्या, खपली धरू द्या, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकांनी डुकरांच्या कातडीवरच्या उथळ जखमा पॉलिथिनच्या पातळ पडद्याने झाकून पाहिल्या. झाकलेल्या जखमांवर नवी त्वचा उघड्या जखमांपेक्षा जवळजवळ दुप्पट वेगाने पसरली. जखमेला ओल हवी असते. फक्त पाणी साचायला नको, हवा खेळायला हवी आणि जंतू बाहेर राहायला हवेत. अतिशय बारीक तंतूंची चटई हे सगळं एकत्र साधू शकते. शिवाय त्वचेतल्या कोलॅजेनचे तंतूही साधारण ५० ते ५०० नॅनोमीटर (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर) जाडीचे असतात, त्यामुळे अशा चटईवर पेशींना पाय रोवायला ओळखीची जागा मिळते.

हे तंतू विजेने ओढतात. सिरिंजमध्ये द्रावण, सुईला पंधरा-वीस हजार व्होल्ट, समोर वीतभर अंतरावर धातूची पाटी. सुईच्या टोकावरचा थेंब ताणला जाऊन शंकू होतो, शंकूतून धार सुटते, ती चाबकासारखी वळवळत बारीक होत जाते, वाटेत द्रावक उडून जातो आणि पाटीवर कोरडा तंतू पडतो. निदान पडायला हवा.

कायटोसान तसं वागत नाही. कोळंबीच्या कवचातल्या कायटिनपासून तो मिळतो. सौम्य आम्लात विरघळला की त्याच्या साखळीवर धनभार येतो. हाच धनभार ऋणभारित रक्तपेशींना धरून रक्त थांबवायला मदत करतो, जंतूंच्या आवरणालाही इजा करतो. आम्हाला कायटोसान हवा तो यासाठीच. पण त्याच भारामुळे साखळ्या एकमेकींना दूर लोटतात, नीट गुंतत नाहीत आणि पाटीवर तंतूंऐवजी शिंतोडे उडतात. शैवालातल्या अल्जिनेटची तऱ्हाही तीच: भार ऋण, साखळ्या ताठ. मग पॉलिइथिलीन ऑक्साइडसारखा लांब साखळ्यांचा सोबती मिसळावा लागतो. तो निसर्गातून येत नाही, कारखान्यात तयार होतो, हे मी लपवत नाही.

पहिल्यांदा अखंड, पांढरीशुभ्र चटई जमली तेव्हा मी ती दिवसभर सगळ्यांना दाखवत होते. संध्याकाळी सलाइनचा एक थेंब टाकला. चटई डोळ्यांदेखत विरघळली, मागे चिकट डाग राहिला. आणि जखम तर ओलीच असते.

म्हणून साखळ्या एकमेकींना बांधाव्या लागतात. माझा बराचसा वेळ जातो तो इथे. ग्लुटाराल्डिहाइड हे रसायन पक्कं बांधतं, पण उरलेला अंश पेशींना मारक ठरतो. जखमेवर जाणाऱ्या वस्तूत मला तो नको. जेनिपिन हे दुसरं बांधणारं रसायन बरंच सौम्य, पण संथ, आणि चटई गडद निळी होते. पट्टीखालच्या जखमेचा रंग डॉक्टरांना दिसायला हवा, म्हणून मला ते पटत नाही. अल्जिनेटला कॅल्शियम बांधतं, आणि ते मला मनापासून आवडतं. जखमेच्या स्रावातलं सोडियम हळूहळू कॅल्शियमची जागा घेतं, तंतू फुगून जेल होतात. असं जेल जखमेला कमी चिकटतं. जुनी पट्टी ओढून काढताना माणूस कसा कळवळतो हे ज्याने पाहिलंय, त्याला या एका गुणाची किंमत सांगावी लागत नाही.

"नैसर्गिक" या शब्दाचा आणखी एक त्रास आहे. कवच प्रत्येक खेपेला सारखं नसतं. साखळीची लांबी बदलते, द्रावणाचा दाटपणा बदलतो, कालचं प्रमाण आज चालत नाही. प्रथिनांचा अंश राहिला तर कोळंबीची ॲलर्जी असलेल्यांना धोका. निर्जंतुक करायला गॅमा किरण वापरले तर साखळ्याच तुटतात.

किरकोळ खरचटलं असेल तर साधी पट्टी पुरते, हेही सांगते. माझी धडपड महिनोन्महिने न भरणाऱ्या जखमांसाठी आहे. सध्याची चटई सलाइनमध्ये तीन दिवस टिकते. मला सात हवेत.