एप्रिलमध्ये ठाणे खाडीत पक्षी बघताना: माझा अनुभव

फ्लेमिंगोंसाठी ठाणे खाडीत फेब्रुवारीतही जाता येते. मी मात्र एप्रिलचा पहिला पंधरवडा धरतो, कारण ते वेडर्सचे, म्हणजे चिखलात चरणाऱ्या किनारपक्ष्यांचे, दिवस. उत्तरेकडे निघण्याआधी कर्ल्यू सँडपायपर, सँड प्लोव्हर, गॉडविट विणीच्या रंगात येत असतात. महिनाअखेरीस त्यातले बरेचसे निघून जातात. फ्लेमिंगो पावसाच्या तोंडापर्यंत थांबतात.

तारीख रविवार बघून ठरवू नये, तिथी बघून ठरवावी. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, त्रयोदशीला पावणेदहा. खाडीच्या आतल्या भागात पाणी थोडे उशिरा चढते, तेवढा वेळ त्यात मिळवायचा. अष्टमीचा भांग (कमी चढणारी भरती) मी टाळतो. उजेड चांगला होईपर्यंत पाणी उतरू लागलेले असते आणि पक्षी लांबवर चिखलात पांगतात. अमावस्या-पौर्णिमेला भरती ऐन उन्हात. उरतात द्वादशी-त्रयोदशी.

ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोट सुटते. तिच्या वेळा भरतीप्रमाणे बदलतात, त्यामुळे आधी आरक्षण करावे आणि शक्य तर भरतीच्या दोनेक तास आधीची फेरी घ्यावी. चढते पाणी चिखलाचा एकेक पट्टा गिळत जाते आणि पक्षी उरलेल्या चिखलात, तिवरांच्या कडेला गोळा होतात. ऐरोली पूर्व काठावर असल्याने भांडुपच्या बाजूला बघताना सकाळचे ऊन पाठीशी राहते. दुर्बीण ८×४२ (आठपट, ४२ मिमी भिंगाची) पुरते. १०× हलत्या बोटीवर थरथरते. स्कोप (तिपाईवरची एकनळी दुर्बीण) बोटीवर निव्वळ ओझे.

फ्लेमिंगो ओळखताना रंगावर जाऊ नका, चोच बघा. लहान रोहितची (लेसर फ्लेमिंगो) चोच गडद, लांबून जवळजवळ काळीच दिसते. मोठ्याची (ग्रेटर फ्लेमिंगो) गुलाबी आणि फक्त टोक काळे. करड्या-तपकिरी पिल्लांना लोक तिसरीच जात समजतात.

खरी फजिती वेडर्समध्ये होते. पुस्तकात एक चित्र हिवाळ्याचे, एक विणीचे. समोरचा पक्षी या दोन्हींच्या मधला. कर्ल्यू सँडपायपरच्या पांढऱ्या पोटावर विटकरी ठिगळे दिसतात, तीही प्रत्येकावर वेगळी. अशा वेळी पिसारा बाजूला ठेवून चोच बघायची: लांब, खाली वाकलेली. उडाला की शेपटीच्या वरचा पांढरा भाग स्पष्ट दिसतो. तपकिरी डोक्याच्या कुरवाचा (गल) पिसाराही असाच बदलतो. हिवाळ्यात कानामागे नुसता ठिपका, एप्रिलमध्ये पुरते तपकिरी डोके.

मोजणी करताना आधी दहा, मग शंभर पक्षी मोजून तो तुकडा डोळ्यांनी थव्यावर ठेवत जायचे. दोन जातींचे प्रमाण शंभराच्या दोन-तीन वेगवेगळ्या तुकड्यांतून काढावे, कारण मोठे रोहित बहुधा एका बाजूला असतात आणि एकच तुकडा घेतला तर आकडा फसतो.

माना वर करून थवा एका दिशेने चालू लागला की बोट जास्तच जवळ गेली, असे समजावे. तिथेच थांबायला सांगावे. फोटोसाठी थवा उडवायचा हट्ट धरणारे सहप्रवासी भेटतात. त्यांना स्पष्ट नाही म्हणावे. प्रवासाआधी चरबी साठवणाऱ्या पक्ष्याचे खाणे त्यात मोडते.

चिखल पूर्ण बुडाला की इथे फारसे काही उरत नाही. बरेच फ्लेमिंगो तेव्हा नवी मुंबईतल्या सीवूड्सच्या तळ्यांकडे सरकतात. स्कोप गाडीत ठेवला असेल तर तो तिथे कामाला येतो.